सॅलेनचा कॉपर कॉम्प्लेक्स बनला, पण कॅटेकॉलसोबत काहीच होऊन नाही राहिलं, काऊन?

प्रश्न | पिवळाक्रिस्टल, नागपूर
एमएस्सीचा प्रोजेक्ट करून राहिलो. सॅलिसिलाल्डिहाइड अन् इथिलीनडायअमिन 2:1 घेऊन इथेनॉलमध्ये सॅलेन बनवलं (हे लिगँड, म्हणजे धातूला धरून बसणारा रेणू), पिवळेजर्द क्रिस्टल पडले, मग कॉपर ॲसिटेट टाकलं तर गडद हिरवी पावडर मिळाली. मॅग्नेटिक मोमेंट 1.8 बीएमच्या (बोर मॅग्नेटॉन) आसपास, म्हणजे कॉपर टूच आहे. आता मेथॅनॉलमध्ये 3,5-डायटर्टब्युटिलकॅटेकॉल टाकून ते ऑक्सिडाइज होऊन बनणाऱ्या क्विनोनचा 400 नॅनोमीटरला पीक बघतो, तर दोन तास झाले तरी तसाच. एकदाच भराभर चढला, त्या दिवशी थोडं ट्रायइथिलअमिन टाकलं होतं. सर म्हणतात लिगँड बदल, पण कारण समजल्याशिवाय बदलायची इच्छा नाही.

ऑर्बिटलताई
तुझं सिंथेसिस बरोबर आहे रे, गडबड सॅलेनच्या स्वभावात आहे. दोन नायट्रोजन, दोन ऑक्सिजन मिळून कॉपरच्या चारही बाजू अडवून बसतात. उरते ती वरची-खालची जागा, अन् यान-टेलर इफेक्टमुळे (कॉपर टूचे वर-खालचे बंध ताणले जातात) तिथली पकड ढिली. कॅटेकॉलला कॉपर दोन्ही हातांनी धरायचा असतो, तो धरणार कुठं? अन् समजा धरला, तरी इलेक्ट्रॉन घेऊन कॉपर टूला कॉपर वन व्हावं लागेल, त्याला सपाट चौकोन नाही चालत, टेट्राहेड्रल बैठक आवडते, सॅलेन तेवढं वळूच देत नाही. रताळ्यातल्या कॅटेकॉल ऑक्सिडेजचं (कॅटेकॉल ऑक्सिडाइज करणारं एन्झाइम) स्ट्रक्चर 1998 मध्ये आलं ते नक्की बघ, दोन कॉपर फक्त 2.9 अँगस्ट्रॉमवर, प्रत्येकाला तीन हिस्टिडिननं (एक अमिनो ॲसिड) धरलेलं. कॅटेकॉलचे दोन इलेक्ट्रॉन दोघं वाटून घेतात. तुझ्याकडे कॉपर एकटा आहे.

बेंचवरचा_भाऊ
ट्रायइथिलअमिनवाल्या दिवसाचा आकडा थीसिसमध्ये टाकू नको भाऊ. बेस असला की कॅटेकॉल हवेतल्या ऑक्सिजननंच ऑक्सिडाइज होतं. कॉपर न टाकता तेवढंच बेस घालून ब्लँक लाव. अन् क्युव्हेटला (सॅम्पल ठेवायची छोटी पारदर्शक डबी) झाकण ठेव, मे महिन्यात आपल्याकडच्या लॅबमध्ये मेथॅनॉल बघता बघता उडतं, कॉन्सन्ट्रेशन वाढून पीक खोटाच चढतो.

ऑर्बिटलताई
हो, ब्लँक आधी. मग तीन हातांचा लिगँड घे, सॅलिसिलाल्डिहाइड अन् 2-अमिनोइथेनॉलचा. चौथ्या जागी ॲसिटेट किंवा मेथॅनॉल बसतं, ते सहज उठून जागा देतं, शिवाय अल्कॉक्साइडच्या पुलानं दोन कॉपर जवळ येऊ शकतात. फक्त पीएच खाली उतरवू नको, इमिन (लिगँडमधला कार्बन-नायट्रोजनचा दुहेरी बंध) तुटतं. बाटली उघडल्यावर सॅलिसिलाल्डिहाइडचा कडू बदामासारखा वास आला तर समजून जा, लिगँड गेलं.

पिवळाक्रिस्टल
ताई, ब्लँक आताच लावला. कॉपर नाही, फक्त बेस अन् कॅटेकॉल, तरी 400 ला चढून राहिला. उद्या अमिनोइथेनॉल मागवतो.