प्राध्यापकांचा पगार वाढला की संशोधन सुधारतं का?

वाटसरू: नेट (सहायक प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा) झालंय, पीएचडी चालू आहे, पण कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतोय, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे आणि सुट्टीत काहीच नाही. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, मग पर्मनंट लोकांचं संशोधन आपोआप चांगलं होतं का?

गोदाकाठ: आपोआप नाही हो. पगार-प्रमोशन संशोधन पेपरच्या संख्येला बांधलं की काय होतं ते आपण बघितलंय. २०१० च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांत एपीआय, म्हणजे कामगिरीला पॉइंट देण्याची पद्धत आली, प्रमोशनला पॉइंट लागायला लागले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नल्सचं पेव फुटलं, शेवटी २०१८ मध्ये यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नल्सच्या स्वतःच्याच यादीतून ४,३०५ जर्नल्स काढली. चीनमध्ये पेपरमागे रोख बक्षिसं द्यायचे, तिथल्या सरकारनेही २०२० मध्ये ती बंद करायला सांगितली.

रानवाट: पटलं, पण याचा अर्थ कमी पगारात चालतं असा काढू नका. दोन-तीन कॉलेजांत तास घेऊन एसटीने फिरणारा माणूस वाचणार कधी आणि फील्डवर्क कधी करणार? खरा प्रश्न वर्षानुवर्षं रिकाम्या राहिलेल्या जागांचा आहे, त्या आधी भरा!

गोदाकाठ: १००% सहमत. पक्की नोकरी, हाताशी वेळ आणि चालू अवस्थेतली लॅब हे आधी, बक्षीस नंतर. आणि वाटसरू, पैसे भरून पेपर छापू नका, एकच चांगला लिहा, गाईडच्या मागे लागून दोनदा तपासून घ्या.