घरामागे उत्तरेला 20 × 25 फूट मोकळी जागा: बागेची आखणी आणि लागवड कशी करावी?

मोकळी_जागा
पुण्याच्या पूर्व भागात दुमजली रो-हाउस आहे, उंची कठड्यासकट 22 फूट. मागे, म्हणजे उत्तरेला, पूर्व-पश्चिम 20 फूट आणि दक्षिण-उत्तर 25 फूट अशी मोकळी जागा आहे. तिन्ही बाजूंना 5 फुटी कंपाउंड. बिल्डरने वर दोनेक फूट मुरूम आणि राडारोडा टाकून रोलर फिरवलाय, खाली काळी माती. फूटभर खड्डा खणून पाणी भरलं तर सकाळपर्यंत तसंच होतं. पाणी बोअरचं, बादलीवर पांढरे डाग पडतात. गच्चीत टाकी आहे.

कच्चा आराखडा असा: स्वयंपाकघराच्या दाराशी भाजीचे वाफे, मध्ये लॉन, मागच्या कंपाउंडला हापूस, नारळ, शेवगा आणि लिंबू. एप्रिल संपत आलाय, पावसाआधी काय काय उरकून घ्यावं? आराखड्यात चूक असेल तर स्पष्ट सांगा.

सावलीचा_हिशेब
आराखडा जवळजवळ उलटा करावा लागेल, कारण जागा उत्तरेला आहे. आत्ता दाराशी लख्ख ऊन दिसतंय, पण ते फसवं आहे. पुण्यात डिसेंबरात भर दुपारीही (घड्याळात साडेबाराच्या सुमारास) सूर्य क्षितिजापासून 48 अंशच वर असतो. त्या वेळी भिंतीची सावली उंचीच्या 0.9 पट पडते. तुमच्या 22 फुटांची होते 20 फूट. म्हणजे 25 पैकी फक्त शेवटच्या 5 फुटांत भर दुपारचं ऊन.

बाकीच्या महिन्यांसाठी ढोबळ आकडे: ऑक्टोबरचा मध्य आणि फेब्रुवारीची अखेर, उंचीच्या निम्मी, म्हणजे 11 फूट. 21 मार्च आणि 22-23 सप्टेंबर, एक तृतीयांश, म्हणजे साडेसात फूट. मे-जूनमध्ये सूर्य थेट डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला, सावली जवळपास नाहीच.

आपल्याकडे टोमॅटो, वांगी, फ्लॉवर, गाजर यांचा मुख्य हंगाम हिवाळाच. नेमके तेच चार महिने दाराशी ऊन नाही. टोमॅटो सावलीत मरत नाही, उंच शेलाटा वाढतो आणि फुलं गाळतो. मग लोक खत वाढवतात आणि तो आणखी पानांवर जातो.

पडताळा हवा असेल तर वटपौर्णिमेच्या रात्री आकाश मोकळं असल्यास मध्यरात्रीच्या सुमारास बघा. त्या दिवसांतला पूर्ण चंद्र साधारण डिसेंबरातल्या सूर्याच्या वाटेने जातो. चारपाच अंश इकडेतिकडे होतात, पण घराची सावली कुठवर येते ते जमिनीवर दिसतं.

म्हणून: शेवटचे 8-9 फूट हिवाळी भाजीला. मधले 8 फूट उन्हाळी आणि पावसाळी भाजीला. दाराजवळचे 8 फूट सावली चालणाऱ्यांना, म्हणजे हळद, आलं, अळू, पुदिना, गवती चहा. मेथी, पालक, कोथिंबीर यांचं तीनचार तासांच्या तिरप्या उन्हातही भागतं, त्या मधल्या पट्ट्याच्या कडेला घ्या. फळभाजीला मात्र सहा तास हवेतच.

टिकाव_फावडं
उन्हाचं वर आलंच आहे, मातीचं सांगतो. सकाळपर्यंत पाणी उभं म्हणजे मुरूम रोलरने आवळला गेलाय. त्यावर नुसती चांगली माती पसरली तर पावसाळ्यात वरचा थर ताटात पाणी साचावं तसा भिजत राहील आणि मुळं कुजतील.

आधी जिथे वाफे येणार तिथेच टिकावाने दीड फूट फोडा. सगळी जागा खणायची गरज नाही, वाटा घट्टच राहू द्या. सिमेंटची ढेपं, प्लास्टरचे पापुद्रे, विटांचे तुकडे वेचून बाहेर काढा. प्लास्टरमधल्या चुन्याने माती आणखी अल्कधर्मी होते, आणि तुमचं बोअरचं पाणी त्यात भर घालतंच आहे. फोडलेल्या भागात पुन्हा पाणी भरा. ते मुरलं की लगेच दुसऱ्यांदा भरा आणि दुसऱ्या वेळेचं मोजा. तासाला इंचभर उतरलं तर ठीक. अर्ध्या इंचाच्या आत असेल तर कंपाउंडच्या पाणी जायच्या भोकाकडे उतार देऊन एक चर काढावा लागेल.

मग गादीवाफे. रुंदी 3 फूट, त्याहून जास्त नको, नाहीतर मधलं तण काढायला वाफ्यात पाय ठेवावा लागतो आणि माती पुन्हा दबते. वाट दीड फूट. उंची 9 इंच, कडेला विटा नुसत्या रचून; सिमेंटने जोडू नका, फटींतून पाणी निघू दे.

12 × 3 फुटांचे तीन वाफे धरले तर 81 घनफूट भरणा लागतो. ब्रास म्हणजे 100 घनफूट, तेव्हा तीन चतुर्थांश ब्रासहून थोडी जास्त. पैकी 50 घनफूट पोयट्याची माती, 25 घनफूट पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट (40 किलोच्या साधारण 11 गोणी), उरलेलं कोकोपीट. पाच किलोची वीट भिजून 60-70 लिटर होते, तीन विटा लागतात. पहिल्या पावसात भरणा बराच खाली बसतो, तेव्हा दोनतीन गोणी राखून ठेवा.

दोन गोष्टी टाळा. काळी माती "हलकी करायला" तिच्यात थोडी वाळू मिसळणं: निम्म्याहून कमी वाळूने ती मोकळी होत नाही, उलट वाळल्यावर दगड होते. आणि अर्धवट कुजलेलं शेणखत: हुमणी (मुळं खाणारी अळी) त्यातूनच येते. मूठभर दाबून बघा. शेणाचा वास आला किंवा आत गरम लागलं तर नको.

मोकळी_जागा
आराखडा पुन्हा काढतो. झाडांचं काय? हापूस आईंना हवाच आहे. आणि लॉन अगदीच नको का?

खुंटावरचं_कलम
लॉनला उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज साधारण 5 लिटर पाणी लागतं, आणि हिवाळ्यात तुमच्याकडे सावली. बोअरच्या भरवशावर हा उद्योग नको. मध्ये बसायला जागा हवी तर फरशीचे तुकडे मातीत बसवा.

नारळ पूर्ण रद्द. वरून झावळी किंवा नारळ पडणार तो शेजारच्यांच्या गाडीवर.

हापूस घाटावर लागतो, पण झाड मोठं होतं आणि एका वर्षाआड फळ धरतं. 20 फुटांच्या जागेत तो बाकी सगळं खाऊन टाकेल. आईंना झाडावरचा आंबा हवा असेल तर आम्रपालीचं कलम लावा. अडीच मीटरवर लावायचीच ती जात आहे, दर वर्षी धरते, आणि काढणी झाल्यावर छाटून 8 फुटांत ठेवता येते. चव हापूसची नाही, हे आधीच सांगून टाका.

लिंबू ईशान्य कोपऱ्यात, दोन्ही भिंतींपासून 5 फूट. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं साई सरबती घ्या. रस्त्यावरच्या गाडीवर "कलमी लिंबू" म्हणून काहीही विकतात, विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून घेतलेलं बरं. आंबा वायव्य कोपऱ्यात. उत्तरेकडच्या झाडांची सावली बाहेर पडते, तुमच्या वाफ्यांवर नाही, म्हणून मोठी झाडं तिथे ठेवण्याचा तुमचा मूळ विचार तेवढा बरोबर होता. फक्त चारऐवजी दोन झाडं, आणि त्यांच्यामधला 10 फुटांचा पट्टा हिवाळी भाजीचा.

खड्डे आत्ताच, 2 × 2 × 2 फूट. मे महिनाभर उघडे तापू द्या. भरताना तळाला वीतभर पालापाचोळा, मग मातीत दोन घमेली शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळून जमिनीच्या वर चार बोटं येईल इतकं भरा. दोनतीन चांगले पाऊस झाले, भरणा बसला, की लावणी. कलमाचा सांधा मातीच्या वर वीतभर राहिला पाहिजे. सांध्याखालून येणारा फुटवा लगेच मोडा, तो खुंटाचा (ज्या रोपावर कलम बांधलं त्याचा) असतो आणि वरच्या कलमापेक्षा जोरात वाढतो. दोन वर्षांनी "आमचा आंबा आंबट निघाला" म्हणतात, ते बहुतेक वेळा हेच.

लिंबाला दुहेरी आळं करा. बुंध्याभोवती फूटभर मातीचा उंचवटा आणि त्याबाहेर पाण्याचं आळं. पाणी बुंध्याला लागत राहिलं की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) होतो. पावसाआधी बुंध्याला दोन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावायची: 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्ध्या अर्ध्या लिटर पाण्यात कालवून मग एकत्र. लोखंडी भांडं वापरू नका.

कुंपणावरची_वेल
शेवगा कुठेच नाही? माझं मत वेगळं आहे. पश्चिमेच्या कंपाउंडला मध्यावर एक शेवगा असावा. एप्रिल-मे मधलं चार वाजताचं ऊन वाफ्यांवरून अडवायला त्याच्याइतकं स्वस्त काही नाही, आणि सावली विरळ पडते. पीकेएम-1 ही जात बियांपासून लावा, वर्षाच्या आत शेंगा येतात. दोन-अडीच फुटांवर शेंडा खुडला की फांद्या फुटतात. शेंगा संपल्या की 3 फुटांवर छाटायचं.

खुंटावरचं_कलम
छाटणार असाल तर चालेल. न छाटलेल्या शेवग्याच्या फांद्या वळवाच्या वाऱ्यात मोडतात, लाकूड ठिसूळ. भिंतीपासून 4 फूट आत ठेवा. पण त्याच बाजूला वेलींचा मांडव घालायचा असेल तर दोन्ही जमणार नाही, एकच निवडा.

कुंपणावरची_वेल
मांडव पूर्वेला घ्या. साडेसहा फूट उंची, दीड इंची जीआय पाइप दीड फूट गाडून, वर वीतभर घरांची नायलॉन जाळी. जूनमध्ये दोडका, कारलं, दुधी. चार फुटांवर एक जागा, प्रत्येक जागी दोन बिया, नंतर जोमदार एक रोप ठेवायचं. कारल्याचं बी रात्रभर भिजवा, कवच कडक असतं.

वेलवर्गातल्या फळमाशीसाठी कामगंध सापळा (वासाने नर माशा ओढणारा) लावताना त्यात क्यू ल्यूर, म्हणजे वेलवर्गातल्या माशीला ओढणारं द्रव्य, आहे का ते वाचून घ्या. दुकानदार आंब्याचा मिथाईल युजेनॉलचा सापळाच पुढे करतात. त्यात माशा पडतात, पण आंब्यावरच्या. कारली सडायची ती सडतातच.

थेंबाथेंबाने
पाण्याबद्दल. गच्चीतल्या टाकीपासून 22 फूट उतार म्हणजे साधारण 0.7 बार दाब, पंपाशिवाय ठिबक चालतं. प्रत्येक वाफ्यात 16 मिमी इनलाइन (आतच ड्रिपर बसवलेल्या) नळीच्या दोन ओळी, ड्रिपर 30 सेंमीवर, ताशी 2 लिटरचे. 12 फुटी वाफ्यात 24 ड्रिपर बसतात. तुमच्या दाबाला तासाला साधारण 40 लिटर मिळतील. उन्हाळ्यात एका वाफ्याला रोज 18-20 लिटर पुरतात, म्हणजे 25 ते 30 मिनिटं, पहाटे. झाडांची लाइन वेगळ्या कॉकवर काढा. आठवड्यातून दोनदा जास्त वेळ पाणी हवं असलेलं झाड आणि रोज थोडं हवं असलेली मेथी एकाच कॉकवर ठेवली की दोघांचेही हाल.

टाकीच्या खाली 120 मेशचा जाळी फिल्टर हवाच. बोअरच्या क्षाराने ड्रिपर बुजतात, म्हणून नळीच्या टोकाला गाठ न मारता उघडता येणारं बूच बसवा आणि पंधरा दिवसांनी टोक उघडून मिनिटभर पाणी सोडा.

पावसाचं पाणी वाफ्यांना आवर्जून मिळू द्या, वर शेडनेट नको. त्या पाण्यानेच वर्षभर साठलेले क्षार खाली धुऊन जातात.

टिकाव_फावडं
क्षारावरून एक राहिलं. या मातीत पुढेमागे पानं पिवळी पडणारच. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. माती अल्कधर्मी असल्याने लोह असूनही मुळांना मिळत नाही. फेरस सल्फेट (हिराकस) लिटरला 5 ग्रॅम, संध्याकाळी फवारा. मातीत घालायचं तर ईडीडीएचए रूपातलं चिलेटेड लोह (अल्कधर्मी मातीतही मुळांना मिळणारं) घ्या, साधं हिराकस मातीत टाकून वाया जातं. खालची जुनी पानं सरसकट पिवळी झाली तर नत्र कमी, तिथे शेणखत किंवा पेंड. पिवळं पान दिसलं की युरिया मारणाऱ्या माळ्याला वाफ्यांपासून लांब ठेवा.

मोकळी_जागा
खूप उपयोग झाला. खड्डे या रविवारी. वाफ्यांत जूनमध्ये पहिल्यांदा काय पेरू?

सावलीचा_हिशेब
पहिल्या वर्षी कमी प्रकार. मधल्या दोन वाफ्यांत भेंडी (ओळींत दीड फूट, रोपांत फूट) आणि चवळी. उत्तरेच्या वाफ्यात ताग पेरा, फुलावर यायच्या आत, साधारण दीड महिन्याने, कापून मातीतच गाडा. तो कुजायला तीनेक आठवडे लागतात. मग सप्टेंबरअखेर तिथेच टोमॅटो आणि वांग्याची महिन्याची रोपं, दोन फुटांवर. दाराशी जूनच्या सुरुवातीला हळद, गड्डे 2 इंच खोल आणि फूटभर अंतरावर. पानं वाळली की जानेवारी-फेब्रुवारीत काढणी.

कोथिंबिरीचे धने रगडून दोन फोडी करून पेरा, पण ऑक्टोबरात. उन्हाळ्यात उगवायला वेळ लावते आणि लगेच फुलावर जाते.

टिकाव_फावडं
माती विकत घेताना ट्रॉली रिकामी होण्याआधी दोन फावडी बाजूला काढून लव्हाळ्याच्या गाठी आहेत का बघा. काळपट, हरभऱ्याएवढ्या, धाग्याने जोडलेल्या. दिसल्या तर ती ट्रॉली परत. एकदा आला की उपटून जात नाही, वरचं तुटतं आणि गाठ खाली राहून पुन्हा फुटते. पहिल्या पंधरवड्यात जे कोंब दिसतील ते खुरप्याने गाठीसकट खणून काढा आणि कंपोस्टमध्ये न टाकता उन्हात पूर्ण वाळवा.