घाट उतरताना ब्रेकचा जळका वास

प्रश्न: काल ३,००० मीटर उंचीवरच्या खिंडीतून उतरताना दरी बघत ब्रेकवर पाय तसाच ठेवला. अर्ध्या उतारावर जळका वास, पेडल मऊ! थांबलो, पण हात अजून थरथरतोय. काय चुकलं?

उत्तर १: दरी बघणं. गंमत सोडा, ब्रेक तापले. ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्यातच उतरा. वेग इंजिनाला रोखू द्या. ब्रेक दाबा आणि सोडा. पेडल मऊ म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं असणार. जुनं ऑइल पाणी शोषतं, मग लवकर उकळतं; बदलूनच घ्या.

प्रश्नकर्ता: गाडी ऑटोमॅटिक आहे हो.

उत्तर १: मग ‘एल’ (लो, म्हणजे खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड.

उत्तर २: चढताना गाडी दमली होती का? टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) नसेल तर विरळ हवेमुळे दर हजार मीटर उंचीला साधारण १० टक्के ताकद जाते. तो बिघाड नव्हे.