व्हिटामध्ये मन रमलंय, पण पगाराची नोकरीही हवी आहे. सल्ला द्याल का?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहते. पुण्यात बी.कॉम. करून एका सीएंकडे टॅली, टीडीएस, जीएसटी सगळं सांभाळत होते. लग्नानंतर एच-४ वर (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) इथे आले. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाल्यावर ईएडीला, म्हणजे नोकरी करायच्या परवान्याला अर्ज केला. तो परवाना आता हातात पडलाय. अकाउंटिंगमधली नोकरी शोधतेय, पण मुलाखतीत गाडी दर वेळी 'इथला अनुभव काय?' याच प्रश्नाशी अडते.

ईएडीची वाट बघत असतानाच लायब्ररीत व्हिटाचं पत्रक दिसलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: आयआरएसच्या (इथल्या आयकर खात्याच्या) या योजनेत कमी उत्पन्नाच्या लोकांचे टॅक्स रिटर्न स्वयंसेवक फुकट भरून देतात. आधी परीक्षा पास व्हावी लागते, आणि आपण केलेलं प्रत्येक रिटर्न दुसरं कुणीतरी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. मी अ‍ॅडव्हान्स्ड पातळी केली.

हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या एक बाई आल्या होत्या, पदरात दोन मुलं. अर्न्ड इन्कम क्रेडिट (कमी कमाईत काम करणाऱ्यांना परतावा मिळवून देणारी करसवलत) नावाचं काही असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे आधीच्या वर्षी रिटर्न भरलेलंच नव्हतं. तीन वर्षांच्या आत भरलं तर तो परतावाही मिळतो, हे कळल्यावर त्या कितीतरी वेळ माझा हात धरून बसल्या. पुण्यातल्या ऑफिसात पगार होता, पण काम करून इतकं भरून आल्याचं मला आठवत नाही.

आता अडचण. १५ एप्रिलनंतर आमचं केंद्र बंद होईल. जवळच्या एका टॅक्स ऑफिसने 'महिनाभर बिनपगारी या, मग बघू' असं सांगितलंय. फुकट काम करायला माझी ना नाही, करतेच आहे. पण त्या बाईंसाठी फुकट बसणं वेगळं आणि गिऱ्हाइकांकडून फी घेणाऱ्याकडे फुकट राबणं वेगळं, असं मला मनापासून वाटतं. घरचे म्हणतात, अनुभव मिळतोय तर जा. तुम्ही काय कराल? आणि व्हिटाचं काम रेझ्युमेत कुठे लिहू?

प्रतिसाद

ताई, अजिबात जाऊ नका. नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्याला 'स्वयंसेवक' ठेवता येत नाहीत. किमान वेतनाचा कायदा आड येतो. तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे.

आधी पीटीआयएन (रिटर्न भरून देणाऱ्यांना आयआरएस देते तो नंबर) काढा. पैसे घेऊन दुसऱ्याचं रिटर्न भरायचं तर तो लागतोच. व्हिटात लागत नाही, म्हणून तुमच्याकडे नसेल. त्यावर एन्रोल्ड एजंटची (आयआरएसपुढे करदात्याची बाजू मांडायचा परवाना असलेला टॅक्स सल्लागार) परीक्षाही देता येते: तीन पेपर, डिग्रीची अट नाही. मीही एच-४ वर असताना हाच अभ्यास केला होता.

रेझ्युमेत व्हिटा तळाशी छंदांशेजारी टाकू नका. अनुभवातच लिहा, 'स्वयंसेवक' असा स्पष्ट उल्लेख करून आणि अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेशनसकट. केंद्राच्या कोऑर्डिनेटरना रेफरन्स द्याल का, हे सीझन संपायच्या आत विचारून ठेवा. नंतर सगळे पांगतात.