अनुभव धागा : शेजाऱ्याची गाडी आणि आपला फुटपाथ

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात हे दृश्य सारखंच. गेटबाहेर फुटपाथवर एक गाडी कायमची, दुसरी संध्याकाळपासून सकाळपर्यंत, आणि चालणारे रस्त्यावर. शेजारी किती आडमुठा आहे याच्या कहाण्या सगळ्यांकडे आहेत, त्या इथे नकोत. काय केलं की गाडी हलते, कोणत्या खात्याला काय लिहायचं, वेळ कशात वाया जातो, तेवढंच लिहा. कलम, माप, अर्जाचा मजकूर असेल तर उत्तम.

चौथामजला

बोलायला जाण्याआधी गाडी तिथे का उभी राहते ते बघून घ्या. कारणं साधारण तीन असतात आणि तिन्हींवर उपाय वेगळे.

पहिलं : गाडी आत आहे, पण शेपूट बाहेर. गेट ते भिंत 4.5 मीटर आणि गाडी 4.4 मीटरची. चालवणारा घाबरून भिंतीपासून अर्धा मीटर आधीच थांबतो, म्हणजे जवळजवळ 40 सेंमी गाडी फुटपाथवर. ही सगळ्यात सोपी केस. जमिनीला बोल्टने बसवायचा रबरी व्हील स्टॉपर लावला की चालवणाऱ्याला नेमकं कुठे थांबायचं ते कळतं. त्याच्याच गाडीचं बंपरच्या टोकापासून टायरच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, त्यात 10 सेंमी मिळवा आणि भिंतीपासून तेवढ्यावर स्टॉपर बसवा. उंची 10 सेंमीपेक्षा जास्त नको, बंपर घासतो. गाडी उलटी लावायची सवय असेल तर मागचं माप घ्या. पुढचं आणि मागचं बहुतेक गाड्यांत सारखं नसतं.

दुसरं : गेटची दारं आतल्या बाजूला उघडतात आणि गाडी आत घेतली की बंदच होत नाहीत. तिथे सरकतं किंवा घडीचं गेट हाच उपाय. खर्च शेजाऱ्याचा असल्यामुळे हे गोडीनेच सुचवावं लागतं.

तिसरं : जागा एका गाडीची, गाड्या तीन. इथे मोजमाप चालत नाही, खालचे प्रतिसाद वाचा.

गेरू

पहिली चिठ्ठी कलमाशिवाय लिहा. सोसायटीच्या किंवा गल्लीच्या ग्रुपवर तर मुळीच नको. चारचौघांत अपमान झाला की माणूस गाडी हलवत नाही, हट्टाने तिथेच लावतो. चिठ्ठीत एकच मागणी असावी आणि ती त्याला आजच करता येण्यासारखी असावी. नमुना :

"नमस्कार काका. तुमची पांढरी गाडी लावल्यावर तिचा आरसा आणि कंपाउंडची भिंत यांच्यात 45 सेंमी जागा उरते. आमच्याकडची व्हीलचेअर 68 सेंमी रुंद आहे, त्यामुळे ती रस्त्यावर उतरवावी लागते. गाडी फुटपाथखाली रस्त्याला समांतर लावलीत तर अडचण राहणार नाही. तुमचीही काही अडचण असेल तर संध्याकाळी घरी येतो, बोलू."

रस्त्यावर त्या बाजूला पार्किंगला परवानगी आहे का, हे आधी पाटी बघून घ्या. सम-विषम तारखेचं पार्किंग असेल तर अर्धे दिवस तुमचा सल्ला त्याला थेट दंडात घालेल.

कलम१२२

'गेट माझं म्हणून समोरचा फुटपाथ माझा' हा समज भलताच घट्ट आहे. गेटमधून ये-जा करता येते, एवढंच. फुटपाथ सार्वजनिक रस्त्याचाच भाग असतो.

तक्रारीत लिहायची कलमं :

मोटार वाहन अधिनियम 1988, कलम 122. सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा तऱ्हेने वाहन उभं ठेवायला मनाई. याच्या जोडीला 2017 चे मोटार वाहन चालविण्याचे विनियम आहेत. त्यांत फुटपाथ, सायकल ट्रॅक आणि पादचारी पट्टे यांवर पार्किंग करू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. त्यामुळे 'नो पार्किंग'ची पाटी नव्हती हा बचाव टिकत नाही. फुटपाथला पाटी लागत नाही.

कलम 127. वाहन उचलणं किंवा चाकाला जॅमर लावणं. यातले '10 तास' अनेकजण चुकीचे वाचतात, कधी कधी चौकीवरचेही. दहा तासांची अट बेवारस सोडलेल्या वाहनाला आहे. जिथे पार्किंगलाच मनाई आहे तिथे थांबायची गरज नाही. मात्र आदेश गणवेशातल्या पोलिसानेच द्यायचा असतो, आणि उचलण्याचा खर्च मालकाकडून वसूल होतो.

दंड 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 177 खाली पहिल्यांदा 500 रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येक वेळी 1500 पर्यंत. म्हणून सातत्य महत्त्वाचं. एका चलनाने कुणाला फरक पडत नाही, तिसऱ्याचौथ्याने पडतो.

शिवाय मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा फुटपाथचा हक्क घटनेच्या अनुच्छेद 21 शी जोडला आहे. वॉर्ड ऑफिसच्या अर्जात ही एक ओळ घाला. चौकीवर तोंडी ऐकवू नका, काम लांबतं.

तिपाईवरून

फोटो नीट नसेल तर ऑनलाइन तक्रार 'पुरावा अपुरा' म्हणून बंद होते. तीन फोटो लागतात. पहिल्यात पूर्ण गाडी, तिची चाकं आणि कर्बची (फुटपाथच्या काठाच्या दगडाची) कड एकाच चौकटीत. चाक कर्बच्या वर आहे हे दिसायलाच हवं. दुसरा नंबरप्लेटचा, समोरून. तिसरा लांबून, ज्यात इमारतीची किंवा रस्त्याच्या नावाची पाटी येते. कॅमेऱ्यात तारीख-वेळ आणि ठिकाणाचा शिक्का चालू ठेवा.

शक्य असेल तर चौथा : मोजपट्टी लावून उरलेली रुंदी. 'चालायला जागा नाही' हे मत झालं, '45 सेंमी' हे माप झालं.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो पुढे पाठवू नका, त्यातली ठिकाणाची माहिती निघून गेलेली असते. मूळ फोटोच महाट्रॅफिक अ‍ॅपवर किंवा शहर वाहतूक पोलिसांकडे पाठवा. कव्हर घातलेल्या गाडीला चलन होत नाही, नंबरच दिसत नाही. कव्हर तुम्ही काढू नका. गाडी येता-जाताना नंबर टिपा आणि तक्रारीत 'कव्हरखालील वाहन' असं लिहून तो द्या.

खडीवाला

फुटपाथ का खचतो याबद्दल लिहितो, कारण महापालिकेचा पथ विभाग 'पार्किंग आमचं काम नाही' म्हणतो, पण 'पेव्हर खचले' याकडे त्याला बघावंच लागतं.

फुटपाथला साधारण 60 मिमी जाडीचे पेव्हर ब्लॉक असतात, वाहनं जाणार असतील तिथे 80 मिमीचे. खाली 30-40 मिमी वाळूचा किंवा क्रशचा (दगडाच्या चुऱ्याचा) थर. गाडी दीड टनाची धरली तर एका चाकावर पावणेचारशे किलो. ब्लॉक लगेच फुटत नाही. आधी कर्बचा दगड रस्त्याकडे कलतो, कारण वर चढलेल्या चाकाचा भार त्याला बाहेर रेटतो. कर्ब कलला की कडेच्या ब्लॉकची फट रुंदावते, पावसाचं पाणी आत शिरून वाळू घेऊन जातं, आणि चाकाच्या रेषेत खोलगट पन्हळ पडते. त्यात पाणी साचतं, ब्लॉकचं एक टोक वर उचललं जातं, आणि ठेच तिथेच लागते. वरून नुसते ब्लॉक बदलून उपयोग नाही. कर्ब सरळ करून काँक्रीटने पक्का करा, थर पुन्हा दाबा, मग ब्लॉक. मधलं गाळलं की पुढच्या पावसाळ्यात तेच.

तक्रार वॉर्ड ऑफिसच्या पथ विभागाकडे करताना 'कर्ब कलला आहे, कडेचा आधार गेला आहे' असं लिहा. कनिष्ठ अभियंत्याला ते लगेच कळतं.

कलम१२२

खडीवाला, चांगला मुद्दा. एक जोड : गेटसमोर परस्पर ओतलेला काँक्रीटचा उतार हे पार्किंग नव्हे, अतिक्रमण. मुंबईबाहेरच्या महापालिकांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 ची कलमं 229 आणि 231, मुंबईत मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 चं 314. अर्ज अतिक्रमण विभागाकडे, वेगळा. पार्किंग आणि उतार एकाच अर्जात घातले तर दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतात.

पायवाट

टोइंगवर फार भिस्त ठेवू नये. गाडी उचलली की दोन संध्याकाळी शांतता, मग मूळपदावर. कायमचा फरक बोलार्डने, म्हणजे गाडी अडवणाऱ्या बुटक्या खांबाने, पडतो. पण अख्ख्या फुटपाथवर रांगेने लावायची गरज नसते, आणि तशी मागणी केली तर 'निधी नाही' हे उत्तर ठरलेलं.

नीट बघा, कर्ब 15 सेंमी उंच असेल तर छोटी गाडी तो चढून येत नाही. ती गेटच्या उतारावरून वर येते आणि फुटपाथवर आडवी वळते. म्हणजे अडवायचं आहे ते गेटच्या दोन्ही अंगांना. प्रत्येक बाजूला एक पुरतो.

तो मधोमध लावू नका. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे निवासी भागात चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी. तेवढीच रुंदी धरून हिशेब : 15 सेंमी जाडीचा बोलार्ड मधे आला तर दोन्हीकडे 82-83 सेंमी उरतात, व्हीलचेअर ढकलणाऱ्याचे हात घासतात. एका बाजूला सरकवून 1.2 मीटर आणि 45 सेंमी अशी विभागणी केली तर व्हीलचेअर आरामात जाते, गाडी अडकते. दुचाकी मात्र जाणारच, तिला बोलार्ड हा उपाय नाही.

पाया निदान 45 सेंमी खोल काँक्रीटचा मागा. 15-20 सेंमीत रोवलेला खांब बंपरच्या एका धक्क्याने कलतो आणि मग तोच वाटेत आडवा पडून राहतो. स्वतः खणायला जाऊ नका. खाली केबल, नळाची लाइन काहीही असतं, आणि परवानगीशिवाय लावलेला खांब हेही अतिक्रमणच.

शुभ्रकाठी

रुंदीबरोबर उंचीचाही विचार करा. पांढरी काठी जमिनीलगतचं सांगते. उंच एसयूव्हीच्या बंपरखालून काठी मोकळी जाते आणि गुडघा बंपरला लागतो. टेम्पोच्या मागच्या फाळक्याचं तर थेट पोटाला. आरसा साधारण मीटरभर उंचीवर, म्हणजे कोपराला. कव्हर बांधायची दोरी झाडाला किंवा खांबाला अडकवलेली असेल तर ती सगळ्यात वाईट. तक्रारीत असा प्रकार नेमका लिहा आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा उल्लेख करा.

भंगारगल्ली

टायर बसलेली, धूळ खात पडलेली गाडी असेल तर रस्ता वेगळा. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर घालून नोंदणी आणि विम्याची मुदत बघा. मालकाचं पूर्ण नाव दिसत नाही, त्याची गरजही नाही. दोन्ही संपलेलं असेल तर 'बेवारस वाहन' म्हणून वॉर्ड ऑफिस आणि वाहतूक शाखा, दोघांना एकाच दिवशी अर्ज. आधी गाडीवर नोटीस चिकटते, मुदत संपली की उचलतात. नोटिशीचा तारखेसह फोटो काढून ठेवा, ती फाडली जाते.

गेरू

काय करू नये तेही सांगून टाकते. टायरची हवा काढणं, ओरखडे, वायपर वाकवणं : भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 खाली तुमच्यावरच तक्रार होते, आणि तुमचे आधीचे सगळे अर्ज 'वैयक्तिक वाद' ठरतात. फुटपाथवर कुंड्या मांडून जागा अडवणं हाही तसाच प्रकार, तो अडथळा तुमच्या नावावर.

दहारुपये

अर्जांवर काहीच हललं नाही तर माहिती अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, परिशिष्ट 'अ'चा नमुना. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, ती पाळा, नाहीतर तेवढ्यावरून परत येतो. 'कारवाई का केली नाही?' असं विचारू नका. 'का' ही माहिती नाही म्हणून उत्तर टळतं. असं मागा :

"दि. ... ते दि. ... या काळात अमुक रस्त्यावर मो.वा.अ. कलम 122 खाली केलेल्या कारवायांची तारीखवार संख्या. माझी तक्रार क्र. ... वरील कार्यवाहीच्या अहवालाची व टिपणीची प्रत."

उत्तराची मुदत 30 दिवस. नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील, 20 रुपयांचा स्टँप. बऱ्याचदा गाडी अपिलापर्यंत थांबत नाही, टिपणीची प्रत मागितल्यावरच चौकीतून कुणीतरी फेरी मारून जातं. म्हणून तक्रार क्रमांक पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. तोंडी तक्रारीला क्रमांक नसतो.