कामावरून दमून आल्यावर भाकरीला कोरड्यास काय करता?

जुळे सोलापूरची · सोमवार, रात्री 9.20

नमस्कार. भाकरीचं माझं भागलंय. गल्लीतल्या मावशी ज्वारीच्या भाकऱ्या करून विकतात. कामावरून येता येता सहा घेते, घरी पोचेपर्यंत कापडात ऊबदार राहतात. अडतं ते कोरड्यासापाशी, म्हणजे तोंडी लावण्यापाशी.

घरी यायला साडेसात होतात. मग भाजी निवडा, चिरा, कुकर लावा, यातलं काहीच करावंसं वाटत नाही. तब्येत चांगली आहे, नुसता कंटाळा. घरात सासरे आहेत, वय 74, दाढा गेल्यात. मुलगी चौथीत, तिला तिखट चालतं पण रोज तेच दिलं की ताट सरकवते. नवरा दुसऱ्या पाळीला असतो, दहानंतर जेवतो, त्यामुळे गार झालं तरी खाववेल असं हवं.

गेल्या पंधरवड्यात चारदा पार्सल आणलं. परवाच्या भाजीवर बोटभर तेल तरंगत होतं. सासऱ्यांना रात्रभर जळजळ, बिचारे उठून बसले होते. तेव्हाच ठरवलं की आता घरातच काहीतरी बसवायचं.

पंधरा मिनिटांत होईल असं सांगा. भांडं एकच, फार तर दोन. आमच्याकडे पाणी चार दिवसाआड येतं, रात्री कढई, कुकर आणि मिक्सरचं भांडं घासायला बसणं परवडत नाही. शेंगा चटणीचा डबा भरलेला आहे, पण नुसती चटणी-भाकरी तिसऱ्या दिवशी घशाखाली उतरत नाही.

बाळीवेसकर · सोमवार, रात्री 9.48

ताई, डबा भरलेला आहे तर अर्धं काम झालेलंच आहे की. शेंगा चटणीत भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ सगळं असतं. म्हणजे ते तयार वाटणच आहे.

कढईत दोन चमचे तेल तापवा, एक कांदा उभा चिरून गुलाबी होऊ द्या. गॅस बारीक करून चार मोठे चमचे चटणी घाला आणि अर्धा मिनिटच परता, जास्त परतलं की तिखट करपतं आणि सगळं कडवट होतं. मग दीड ग्लास गरम पाणी, दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ. चांगली उकळी येऊन कडेनं तेल सुटायला लागलं की गॅस बंद. मीठ अगदी शेवटी, चव घेऊनच घाला, चटणीत आधीच असतं. कांदा चिरण्यापासून धरलं तरी दहा मिनिटं. यात भाकरी कुस्करली की सासऱ्यांना दाढांची गरज नाही.

एवढंच, की चटणी कुटलेली हवी. उखळातली चटणी चिमटीत दाबली की तिचा गोळा होतो आणि बोटं तेलकट होतात. तेच तेल पाण्यात वर येतं आणि कोरड्यासाला चव येते. मिक्सरला नुसती भरड काढलेली असेल तर पाणी वेगळं आणि चोथा वेगळा लागतो. आमच्याकडे आई पाव किलो दाणे मंद आचेवर वीस मिनिटं भाजायची, गार झाल्यावर सालं चोळून पाखडायची. मग पंधरा-वीस लसूण पाकळ्या, तिखट, जिरं, मीठ घालून कुटायला घ्यायची. उखळ नसेल तर मिक्सरलाही जमतं, पण दाणे पूर्ण गार हवेत आणि बटण दाबून सोडायचं, परत दाबून सोडायचं. सलग फिरवलं की भांडं तापतं आणि लगदा होतो.

पुण्यातला सोलापूरकर · सोमवार, रात्री 10.05

चटणीत दही कालवायचं असेल तर ताटावर बसल्यावरच कालवा. मी सकाळी डब्यात कालवून नेतो तेव्हा दुपारपर्यंत दाणे सगळं दही पिऊन टाकतात. डब्यात आता दोन्ही वेगळं नेतो.

पूर्व भागातली · सोमवार, रात्री 10.31

आमच्या तेलुगू घरातला पच्ची पुलुसु करून बघा. आमचे आजोबा तेलंगणातून इथं कापड विणायच्या मागावर कामाला आले, त्यांच्याबरोबर आलेला हा प्रकार. पच्ची म्हणजे कच्चा, पुलुसु म्हणजे आंबट सार. यात उकळायचं काहीच नसतं, म्हणून उन्हाळ्यात आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी होतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या पुढं गेल्यावर गॅससमोर कोण उभं राहणार?

लिंबाएवढी चिंच दोन वाट्या कोमट पाण्यात भिजत घाला आणि हातपाय धुऊन या, तेवढ्यात ती भिजते. एक मोठा कांदा बारीक चिरून त्यावर मीठ घाला आणि हातानं चांगला चुरडा. कांद्याला पाणी सुटलं पाहिजे, सगळी चव तिथं आहे. दोन हिरव्या मिरच्या थेट गॅसच्या जाळावर धरून काळे डाग पडेपर्यंत भाजा आणि कांद्यातच चुरडा. हाताला तिखट लागत असेल तर वाटीच्या बुडानं. वरून चिंचेचं पाणी गाळून ओता, गूळ, कोथिंबीर, घरात असेल तर भाजलेल्या तिळाचं कूट चमचाभर. वाटलं तर जिरं-मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, नाहीतर तशीच.

खरा तो भाताबरोबर खायचा. पण कडक भाकरी मोडून त्यात पाच मिनिटं भिजवली तर फार छान लागते. एकच पातेलं लागतं आणि तेही तेलकट होत नाही, पाण्यानं विसळलं तरी निघतं.

जुळे सोलापूरची · सोमवार, रात्री 10.44

हे मी नक्की करणार. पण सासऱ्यांना जळजळीवर चिंच आणि कच्चा कांदा द्यायची भीती वाटते. त्यांच्यासाठी वेगळं काय?

पूर्व भागातली · सोमवार, रात्री 10.52

त्यांना नका देऊ. तुमच्यासाठी आणि मुलीसाठी करा. त्यांना त्या दिवशी भाकरी ताकात कुस्करून द्या, वरून जिऱ्याची पूड आणि किंचित मीठ. माझ्या वडलांना आम्ही तेच देतो. ताक मात्र ताजं घ्या, आंबट नको.

मंगळवेढ्याची काकू · मंगळवार, सकाळी 6.40

काल वाचलं, पण उत्तर आज देते. सगळे मेथीचा घोळाणा, म्हणजे कच्च्या पाल्यात कूट-तेल कालवलेला, सांगतील, आणि चवीला त्याच्या तोडीचं काही नाही. पण रात्री साडेसातला मेथीची जुडी निवडायला कोण बसणार? म्हणून कांद्याच्या पातीचा करायचा. पात निवडावी लागत नाही, मुळं कापली, धुतली, चिरली, झालं.

एक जुडी पात बारीक चिरा, पांढरा भागही घ्या. मूठभर दाण्याचं कूट, मीठ, अर्धा चमचा तिखट आणि वरून दोन चमचे कच्चं तेल. तेल करडईचं, घाण्यावरचं असेल तर बघायलाच नको, नाहीतर शेंगदाण्याचं. रिफाइंड तेलात हा पदार्थ करू नये, त्याला वासच नसतो आणि इथं तेल शिजणार नाही, ते जसं आहे तसं जिभेवर येणार. हातानं हलकं कालवा, चमच्यानं नाही. कूट आधी तेलात ओलं केलं तर पानाला नीट चिकटतं. पात ओली राहिली तर कूट खाली बसतं आणि वर नुसती पानं राहतात, म्हणून धुतल्यावर फडक्यात झटका.

मेथीचाच हवा असेल तर रविवारी निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. तीन दिवस छान राहते.

भाकरीबद्दल थोडं. मालदांडी ज्वारीच्या भाकरीला अशा कच्च्या गोष्टी फार शोभतात, कारण ती भाकरी स्वतःच गोड असते. मावशींना विचारा कुठली ज्वारी वापरतात. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, भाकरी कडेनं चिरते आणि मग कितीही चांगलं कोरड्यास केलं तरी घास कोरडाच लागतो.

सात रस्त्याजवळचा · मंगळवार, सकाळी 8.15

कांद्याचा एवढा मोठा बाजार आपल्या गावात. बुक्कीनं फोडलेला कांदा, वर मीठ, तिखट, कच्चं तेल, लिंबू. आमच्या घरी आठवड्यातून एक रात्र एवढंच असतं आणि कोणी तक्रार करत नाही.

होटगी रोडवरून · मंगळवार, दुपारी 1.30

दाढा नसलेल्यांसाठी पिठलंच. मी एकटा राहत होतो तेव्हा तीन वर्षं आठवड्यातून दोनदा केलंय, म्हणून प्रमाण पक्कं सांगतो. एक वाटी बेसनाला चार वाट्या पाणी घेतलं की पातळ होतं, साडेतीन घेतलं तर भाकरीवर थांबतं. नवरा दहाला जेवणार असेल तर चारच घ्या, गार होता होता ते घट्ट होतं.

गाठी होऊ नयेत म्हणून पीठ आधी एक वाटी गार पाण्यात कालवून घ्या. उरलेलं पाणी फोडणीत ओता, उकळी आणा आणि मग कालवलेलं पीठ एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं ढवळा. ओतणं थांबवलं तरी ढवळणं थांबवू नका. झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ. सासऱ्यांच्या वाटणीचं मिरचीच्या आधी काढता येत नाही, म्हणून मिरच्या अख्ख्या, फक्त मधे चीर देऊन घाला. चव उतरते, पण दाताखाली येत नाहीत आणि बाजूला काढता येतात.

तळाला जी खरवड धरते ती मुलीला द्या, उलथण्यानं काढून, वर थोडं तूप. आमच्याकडे त्यावरून भांडणं होतात.

अक्कलकोटवरून · मंगळवार, दुपारी 3.05

आम्ही घरी कानडी बोलतो. आमच्याकडे शेंगा चटणीच्या शेजारी गुरेळ्ळची चटणी असतेच, मराठीत कारळं. तुम्ही रविवारी करून ठेवली तर आठवड्यात चटणीला चटणी बदलून देता येते, मुलीला तेच ते वाटणार नाही. कारळं कोरड्या कढईत भाजताना तडतडायला लागली की लगेच उतरवा. काळी असल्यामुळं करपलेली रंगावरून कळत नाहीत, कानानं आणि नाकानंच ओळखायचं. सुक्या मिरच्या, लसूण, मीठ आणि चिंचेचं एक बुटूक घालून भरड फिरवा. वाढताना दही.

वांगं गॅसवर भाजून, सोलून, तव्यावरच वाटीनं ठेचून त्यात हीच चटणी चमचाभर कालवा. म्हाताऱ्या माणसांना मऊ लागतं आणि फोडणीचं भांडं वाचतं.

जुळे सोलापूरची · गुरुवार, रात्री 10.40

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

मंगळवारी पातीचा घोळाणा केला. पात फडक्यात झटकली, कूट आधी तेलात ओलं केलं. घरात शेंगदाण्याचं तेल होतं, ते घातलं. मुलीनं भाकरीशिवाय नुसताच वाटीभर खाल्ला. अकरा मिनिटं लागली, त्यातली सहा पात धुण्यात. सासऱ्यांना ताक-भाकरी दिली, जिऱ्याची पूड घालून. रात्री जळजळ नाही.

आज बाळीवेसकरांचं कोरड्यास केलं. चव इतकी जमली की सासऱ्यांनी पहिला घास घेतल्यावर विचारलं, "दाणे कधी वाटलेस?" एकच अडचण आली. साडेआठला छान पातळ होतं, पण नवरा दहाला जेवायला बसला तेव्हा खिरीसारखं घट्ट. वरून गार पाणी घातलं तर पाणी वेगळंच राहिलं आणि चव उतरली. याला काय करायचं?

बाळीवेसकर · गुरुवार, रात्री 10.58

दाणे पाणी ओढत राहतात, ते घट्ट होणारच. गार पाणी नका घालू. त्यांच्या वाटणीचं कढईतच ठेवा, ते आले की अर्धी वाटी उकळतं पाणी आणि मिठाची कणी घालून एक उकळी आणा, परत एकजीव होतं. आणि त्यांच्यासाठी आमसूल एक जास्तीचं टाका, आंबटपणा कमी झालेला असतो.

मंगळवेढ्याची काकू · शुक्रवार, सकाळी 6.15

मुलगी नुसता घोळाणा खाते हे वाचून बरं वाटलं. थंडीत हरभऱ्याचा कोवळा पाला बाजारात आला की त्याचाही असाच करून दे तिला. त्याला मूळचाच आंबट-खारटपणा असतो, म्हणून मीठ निम्मं घाल.

जुळे सोलापूरची · शुक्रवार, रात्री 8.10

काकू, लक्षात ठेवते. मावशींनाही विचारलं, त्या मालदांडीच वापरतात, दर तीन दिवसांनी दळून आणतात. आज पच्ची पुलुसु केलाय, मिरच्या भाजल्याचा वास अजून घरभर आहे. उद्या आमच्याकडे पाणी यायचा दिवस, म्हणून पिठलं उद्याला ठेवलंय. कढई निवांत भिजत घालता येईल आणि खरवड मुलीला आधीच कबूल केली आहे.