मिरगाचे किडे, पोफळीची सावली : तुमचे अनुभव

बालपणीच्या ज्या आठवणी ऋतूंच्या भरवशावर होत्या आणि ऋतूच बिघडल्यामुळे आता मुलांना दाखवता येत नाहीत, त्या येथे लिहाव्यात. ‘पूर्वीसारखे राहिले नाही’ एवढ्यावर न थांबता नेमके काय गेले ते सांगावे, ही विनंती.

दिवेआगर : आमच्या वाडीत मे महिन्यातही ऊन जमिनीला टेकत नसे. पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडाची, झावळी पडली की तिच्या देठाशी असलेल्या रुंद विरीवर धाकट्या भावाला बसवून मी त्याला पाटाच्या कडेने ओढत नेई. ओल्या मातीवर विरी सरसर घसरे आणि वळणावर तो हमखास पाटात पडे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले आणि आजोबांनी लावलेल्या पोफळी एका दुपारीत मधोमध मोडल्या. दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी खटकला तो उजेड, कारण विहिरीच्या काठावर ऊन पडलेले आम्ही कधी पाहिलेच नव्हते. समुद्र तापल्याने अशा वादळांना बळ मिळते, हे पुढे वाचनात आले. नव्या रोपांची सावली धरेपर्यंत माझ्या मुलाचे विरीवर बसण्याचे वय उलटून गेलेले असेल.

परभणी : मृगाच्या पहिल्या पावसानंतर बांधावर निघणारे मखमली लाल किडे आम्ही काडेपेटीत ठेवत असू, बोट लागताच किडा पाय आखडून गप्प पडून राही. २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ वादळामुळे पाऊस रखडला तो जूनच्या अखेरीस आला, तर २०२५ मध्ये मे महिन्यातच झोडपून गेला. अशा वेळी ‘मिरगाचा किडा’ हे नाव मुलीला कसे समजावून सांगायचे?

अकोले : एक हरकत नोंदवतो. आमच्याकडचे काजवे कमी झाले, त्याला हॅलोजनचे दिवे आणि पर्यटकांच्या गाड्याही कारण आहेत. परभणीकरांनी कीटकनाशकांचाही विचार करावा. सगळेच हवामानाच्या माथी मारू नये.

रत्नागिरी : थंडी लांबली की फळ धरलेल्या फांदीलाच पुन्हा मोहोर येतो आणि वाटाण्याएवढी कैरी गळून जाते. सुट्टीत पेंढ्यात पिकत घातलेल्या आंब्यांची आढी परतण्याचे काम आम्हा मुलांचे असे. यंदा आंबा इतका उशिरा हाती आला की शाळा उघडल्याने नातवंडे पुण्याला परतली होती, आणि आढी परतायला मी आणि गडी असे दोघेच होतो.